वाड्याची वाळवी आणि पाच वर्षांची गॅरंटी

प्रश्न : वाईत घाटापासून जवळ आमचा शंभर वर्षांहून जुना दुमजली वाडा आहे. मागच्या दोन खोल्यांत जुने भाडेकरू राहतात. जून २०२४ मध्ये पुण्याच्या एका पेस्ट कंट्रोलवाल्याकडून तळमजल्याला वाळवीचं औषध मारून घेतलं. ४६ हजार रुपये दिले, ४० हजार यूपीआयने आणि बाकीचे रोख. त्याने पाच वर्षांचं गॅरंटी कार्ड दिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ओटीवरच्या खांबावर पुन्हा मातीच्या नळ्या दिसल्या, आता खांब पोकळ वाजतो. ऑक्टोबरमध्ये त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, की भाडेकरूंनी त्यांच्या खोल्यांत औषध मारू दिलं नाही, वाळवी तिथूनच आली, म्हणून गॅरंटी लागू नाही. कार्डाच्या मागे तशी अट छापलेली आहे. भाडेकरूंच्या घरात दमेकरी आहे, म्हणून ते नाही म्हणतात. औषध मारल्यावर चौकातल्या आडाच्या पाण्याला काही दिवस वास येत होता. शेजारचे एक जण सुचवतात, की भाडेकरूंचं पाणी तोडा, नाहीतर नगरपरिषदेकडून वाडा धोकादायक ठरवून घ्या. मी काय करू?

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. चौथ्या फोटोत तळखड्याच्या, म्हणजे खांबाखालच्या दगडाच्या, वर चार बोटांवर तुम्ही स्क्रू ड्रायव्हर टेकवला आहे आणि तो मुठीपर्यंत आत गेला आहे. बाहेरचा पापुद्रा शाबूत, त्यावरचा तेलपाण्याचा रंगही शाबूत, आणि आत ओल्या वहीच्या पानांसारखे थर. त्या खांबावर तुळई आहे आणि तुळईवर वरच्या मजल्याचा कडीपाट. म्हणून कायद्याचं बोलण्याआधी एक काम करा. जुन्या लाकडाची जाण असलेल्या सुताराला बोलावून तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू लावून घ्या. हे आजच करा, माझा सल्ला वाचून संपायची वाट पाहू नका.

टेकू लावण्याआधी आणि लावल्यानंतर फोटो काढा. कुजका भाग काढावा लागला तर तो टाकू नका, एका डब्यात भरून तारीख लिहून ठेवा. नळ्या हाताने पुसू नका. दिसल्या की खराट्याने झाडायच्या, ही आपल्या घरांतली जुनी सवय, पण इथे त्या नळ्याच तुमचा पुरावा आहेत. मग एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून सही-शिक्क्याचा पाहणी अहवाल घ्या. कोणता खांब, किती खोलवर पोखरला, वाळवी आज जिवंत आहे का, नळ्या जमिनीतून कुठून वर येतात, हे त्यात असू द्या. नळ्या तुमच्या ओटीच्या फरशीच्या सांध्यातून निघालेल्या दिसल्या, तर ‘भाडेकरूंकडून आली’ हे त्याचं म्हणणं तिथेच ढासळतं.

आता मूळ भांडणाकडे येऊ. तुम्ही सगळा जोर गॅरंटी कार्डावर देत आहात. माझ्या मते तुमची खरी ताकद दुसऱ्या कागदात आहे, काम सुरू होण्याआधी त्याने दिलेल्या कोटेशनमध्ये. त्यात त्याने लिहिलंय : तळमजला, २१० रनिंग फूट, आयएस ६३१३ प्रमाणे ड्रिल करून. हे वाक्य त्याने बहुधा सवयीने टाकलं असेल, पण टाकलं म्हणजे ते कराराचा भाग झालं. आयएस ६३१३ हे भारतीय मानक ब्युरोचं वाळवी-प्रतिबंधाचं मानक आहे आणि त्याचा तिसरा भाग आधीपासून उभ्या असलेल्या इमारतींसाठी आहे. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे दर ३०० मिलिमीटरवर, म्हणजे साधारण फुटाफुटावर तिरपं भोक पाडायचं आणि प्रत्येक भोकात आत मुरेल तितकं, जास्तीत जास्त एक लिटर, औषधाचं पाणी सोडायचं, अशी त्यातली पद्धत आहे. कारण उघड आहे. ही वाळवी जमिनीतली. ओलाव्यासाठी तिची जमिनीशी ये-जा चालू असते. आपल्या वाड्यांच्या भिंती दोन-दोन हात जाड आणि आत मातीने भरलेल्या. तिला त्या पोटातून माळ्यापर्यंत वाट सापडते. भिंतीवर वरवर फवारलेलं औषध त्या पोटात पोचतच नाही.

आता हिशेब करा. २१० फुटांना दोनशेच्या वर भोकं हवीत आणि मातीच्या भिंतींत औषध भराभर मुरतं, म्हणजे दीडशे-दोनशे लिटर पाणी तरी लागायला हवं. तुम्ही लिहिता, की दोन मुलं अकराला आली, जेवायच्या वेळेआधी आटोपून गेली, पाठीवरचा सोळा लिटरचा एकच पंप त्यांनी तीनदा भरला, आणि पांढऱ्या सिमेंटने बुजवलेली भोकं तुम्ही मोजली ती ६४ भरली. म्हणजे औषधाचं पाणी फार तर ४८ लिटर. पैसे पूर्ण घेतले आणि काम जेमतेम तिसरा हिस्सा केलं, हे ग्राहक आयोगासमोर मांडायला अवघड तांत्रिक भाषा लागत नाही. त्या भोकांचे फोटो, शेजारी टेप धरून, एकेका भिंतीचे काढा. ही मोजदाद तुमच्या तक्रारीचा कणा आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘सेवेतील त्रुटी’ची व्याख्या कलम २(११) मध्ये आहे. कराराप्रमाणे जे करायचं ठरलं त्यात कसर राहिली तर ती त्रुटी. पुरेशी चाचणी न करता गॅरंटी देणं आणि पैसे घेऊन बिल न देणं, या दोन्ही गोष्टी त्याच कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथेत येतात. रोख सहा हजारांची पावती नाही म्हणून घाबरू नका. कोटेशनवर एकूण रक्कम आहे, आणि ‘पेमेंट पूर्ण मिळालं, धन्यवाद’ हा त्याचा मेसेजही तुमच्याकडे आहे. तो मोबाईल बदलू नका. मेसेज दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत जोडा.

कार्डामागच्या अटीचं काय? ‘लगतच्या, उपचार न केलेल्या जागेतून आलेल्या वाळवीस गॅरंटी लागू नाही’ ही अट अन्यायकारक आहे, असं तुम्ही पत्रात म्हणता. मनातलं म्हणून ठीक आहे, पण तक्रारीत तो मुख्य मुद्दा करू नका. ‘अनुचित करार’ या सदराखालची तक्रार जिल्हा आयोग ऐकू शकत नाही, ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते, आणि ४६ हजारांसाठी मुंबईच्या वाऱ्या तुम्हाला परवडायच्या नाहीत. आपण असं म्हणायचं : त्याने आधी येऊन वाडा पाहिला होता, भाडेकरूंच्या दोन खोल्या त्याच भिंतीला आहेत हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याने पूर्ण तळमजल्याचे पैसे घेतले आणि ‘त्या खोल्या राहिल्या तर गॅरंटी मिळणार नाही’ असं लेखी कळवलं नाही. ही आपली चांगली बाजू. पण तुम्हाला अंधारात ठेवणं मला जमणार नाही. भाडेकरूंनी नकार दिला त्या दिवशी तुम्हीही त्याला ‘असू दे, तेवढं सोडून मारा’ म्हणालात, असं तुम्हीच लिहिलंय. तो हे उगाळणार, आणि नुकसानभरपाईची रक्कम त्यामुळे थोडी कमी होऊ शकते. तक्रारीत ते लपवू नका. उलटतपासणीत बाहेर आलं तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

मुदत सांभाळा. कलम ६९ प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. माझ्या मते कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये घडलं, त्याने गॅरंटी नाकारली तेव्हा. पण त्याचा वकील म्हणणार, की काम जून २०२४ मध्ये झालं, म्हणून मुदत जून २०२६ ला संपली. या वादात पडायचंच कशाला? जून २०२६ च्या आत दाखल करून मोकळ्या व्हा.

तो पुण्याचा असला तरी तुम्हाला पुण्याला जायची गरज नाही. तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे साताऱ्याला. मोबदल्याची रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. ‘घरात भाडेकरू आहेत, म्हणजे व्यापारी कारणासाठी सेवा घेतली’ असाही आक्षेप येईल. तुम्ही स्वतः त्या वाड्यात राहता, हे शिधापत्रिकेसह दाखवा, तो टिकणार नाही. कायद्यात निकालाला तीन महिने सांगितले आहेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. तेवढी तयारी ठेवा.

मागणी करताना हात आवरा. ४६ हजार व्याजासह परत, इंजिनिअरच्या अंदाजाप्रमाणे खांब आणि तुळईच्या दुरुस्तीचा खर्च, मनस्तापाची बेताची रक्कम आणि तक्रारीचा खर्च, एवढंच मागा. वाड्याची किंमत मागायला तुमचे मेहुणे सांगतात, ते ऐकू नका. फुगवलेल्या आकड्याने खरी तक्रार हलकी होते.

आधी नोटीस द्या. कायद्याने ती सक्तीची नाही, पण तिने माणूस ताळ्यावर येतो असं मी पुष्कळदा पाहिलंय. साध्या मराठीत लिहा : ‘आपण दि. अमुक रोजीच्या कोटेशनप्रमाणे २१० फुटांचे काम आयएस ६३१३ नुसार करण्याचे कबूल केले. प्रत्यक्षात ६४ भोके पाडली. १५ दिवसांत संपूर्ण काम विनामूल्य पुन्हा करून द्यावे अथवा रक्कम परत करावी. तसेच वापरलेल्या औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि आपला परवाना क्रमांक कळवावा.’ स्पीड पोस्टाने, पोच मागवून पाठवा.

ती परवान्याची ओळ गाळू नका. पैसे घेऊन कीटकनाशक वापरण्याचं काम करायला कीटकनाशक कायदा १९६८ प्रमाणे परवाना लागतो. तो कृषी खात्याकडून मिळतो आणि त्यासाठी रीतसर प्रशिक्षण घेतलेला माणूस कामावर असावा लागतो. दुकानातून औषधाची बाटली आणून पंप पाठीला लावणारे आपल्या गावांत कमी नाहीत. याच्याकडे परवाना नसेल तर कृषी खात्याकडे वेगळा तक्रार अर्ज करा आणि त्याची प्रत आयोगात जोडा. पोलिसांत फसवणुकीची फिर्याद द्यायचा विचार मात्र सोडा. अपुरं काम म्हणजे सुरुवातीपासून फसवायचाच हेतू होता, हे सिद्ध होत नाही, आणि त्या खटपटीत वर्ष जाईल.

आडाच्या पाण्याचं मला जास्त लागलंय. ज्या आडाचं पाणी माणसं पितात, त्याच्या आसपास हे औषध फार जपून वापरायचं असतं. वास गेला म्हणजे औषध गेलं असं धरू नका. पिणं आणि स्वयंपाक दोन्हींना ते पाणी बंद ठेवा, आणि कीटकनाशकाचे अंश तपासणाऱ्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना द्या. बाटली कशी भरायची ते त्यांनाच विचारा. अहवालात काही निघालं तर तो तक्रारीचा वेगळा आणि मोठा मुद्दा होईल.

राहिले भाडेकरू. पाणी तोडायचं मनातसुद्धा आणू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ खाली जीवनावश्यक सोयी बंद करणं हा गुन्हा आहे. तुम्ही फिर्यादी आहात, आरोपी कशाला होता? शिवाय वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी कलम १४ प्रमाणे मालकाची, म्हणजे तुमची आहे. त्यामुळे त्यांच्या खोल्यांच्या उपचाराचा खर्च त्यांच्याकडे मागू नका. पूर्वसूचना देऊन वाजवी वेळी जागा पाहण्याचा हक्क तुम्हाला कलम २८ देतं. तो वापरा आणि इंजिनिअरला सोबत न्या.

दमेकरी माणसाच्या घरच्यांनी औषधाला घाबरावं, यात हट्ट कसला? त्यांना लेखी द्या : कोणतं औषध, डब्यावरचा विषारीपणाचा त्रिकोण कोणत्या रंगाचा, किती तास घर मोकळं ठेवायचं, आणि त्या दिवसांत पेशंटची सोय तुम्ही वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे कशी कराल. भोकात सोडायचं औषध हवेत फवारण्यापेक्षा कमी पसरतं, हे कामगाराकरवी समजावून सांगा. एवढं करूनही नकारच आला, तर तो लेखी घ्या. तो कागद पेस्ट कंट्रोलवाल्याविरुद्ध नाही, पण पुढे छत खचलं तर तुमच्या बाजूने उपयोगी पडेल.

धोकादायक ठरवून घेण्याच्या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. एकदा नगरपरिषदेने पाडायचा आदेश काढला, की तो भाडेकरूंपुरता थांबत नाही, तुमचा अख्खा वाडा त्यात जातो. एक खांब बदलण्याजोगा आहे, तुळईला जोड देता येते. वाईत असं काम करणारे सुतार अजून आहेत. वाड्यापासून शंभर मीटरच्या आत केंद्र सरकारने संरक्षित केलेलं स्मारक असेल तर खांब बदलण्यासारख्या दुरुस्तीला आधी परवानगी लागेल. नगरपरिषदेत एवढं विचारून घ्या. नुसतं औषध मारायला ती लागत नाही.

इंजिनिअरचा अहवाल हातात आला, की कोटेशन, गॅरंटी कार्डाच्या दोन्ही बाजू आणि मेसेजच्या प्रती माझ्याकडे पाठवा. नोटिशीचा मसुदा मी एकदा नजरेखालून घालते. आणि त्या दुसऱ्या खांबाच्या तळाशी, फोटोत डाव्या कडेला, मला एक बारीक नळी दिसते आहे. तिथेही स्क्रू ड्रायव्हर टेकवून पाहा.