स्ट्रीट फायटर या मारामारीच्या व्हिडिओ गेमचे जुने खेळ एका संचात पुन्हा आले, तर जुने खेळाडू खूशही अन् चिडलेलेही, असं का?

दोन्ही खरं आहे गड्या. 2018 मध्ये मालिकेच्या तिशीनिमित्त आलेल्या संचात 12 खेळ आहेत, तेही आर्केडचे, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचे. म्हणून खुशी. पण ऑनलाइन चालतात त्यातले फक्त 4. बटण दाबल्यावर फटका किंचित उशिरा बसतो, ही बोंबही बरीच झाली.

आम्ही दारव्ह्याच्या बाजारात रुपयाचं नाणं टाकून खेळायचो. दांडी डावीकडे अडायची, म्हणून उजवीकडे तोंड असेल तरच 'हाडूकेन', म्हणजे हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा, निघायचा: खाली, तिरपं, पुढे अन् पंच. आम्ही त्याला 'आडूगेट' म्हणायचो, अजूनही म्हणतो. लाइट गेली की नाणं बुडालं. दुकानदार परत देईल तर शपथ! या संचात खेळ मधेच सेव्ह होतो, मले तर तेवढ्यानंच गहिवरून आलं.

घ्यायचा का? गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ऑनलाइनचा नाद करू नका. दोन कंट्रोलर घ्या, चुलतभावाला बोलवा. माझा दिवाळीत येतो, अन् अजूनही नुसत्या लाथाच मारतो लेकाचा.