फाटकावरची पाटी आधी वाचा: इंग्लंडला कुत्रा आणणाऱ्यांसाठी

तुम्ही विचारलंत की पुढच्या मे महिन्यात लंडनला येताना तुमची तीन वर्षांची लॅब्रडॉर सोबत आणायची आहे आणि इथल्या बागांमध्ये कुत्री मोकळी सोडतात, हे खरं का. खरं आहे, पण अर्धंच. मी लंडनच्या नैऋत्य टोकाला राहते. आमचा चिकू, अस्सल देशी कुत्रा, सात वर्षांपूर्वी माझ्याबरोबरच इथे आला. त्यामुळे उरलेलं अर्धं जरा सविस्तर सांगते.

कुत्रा घराबाहेर कायम बांधूनच ठेवा, असा सरसकट कायदा इंग्लंडमध्ये नाही. नियम जागेप्रमाणे बदलतो. २०१४ च्या एका कायद्याने स्थानिक कौन्सिलना, म्हणजे इथल्या नगरपालिकांना, आपापल्या हद्दीत कुत्र्यांबद्दल आदेश काढायचा अधिकार दिला. त्या आदेशांना इथे पीएसपीओ (पब्लिक स्पेसेस प्रोटेक्शन ऑर्डर) म्हणतात. एकाच बागेत मुलांच्या खेळाच्या कुंपणात कुत्र्याला प्रवेशच नाही, फुलांच्या वाफ्यांजवळ लीड सक्तीचं आणि पलीकडच्या हिरवळीवर मोकळं सोडलं तरी चालतं, असं असू शकतं. (कुत्र्याला धरायच्या दोरीला, म्हणजे लीशला, इथे लीड म्हणतात. पाट्यांवरही हाच शब्द दिसेल.) काही ठिकाणी आदेश असा असतो की मोकळं सोडा, पण कौन्सिलच्या माणसाने सांगितलं की तिथल्या तिथे लीड लावायचं. मोडलंत तर जागीच दंडाची चिठ्ठी मिळते आणि प्रकरण कोर्टात गेलं तर दंड १००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. शेजारच्या कौन्सिलचे नियम वेगळे. म्हणून 'काल त्या बागेत चाललं होतं' हे कारण कुणी ऐकून घेत नाही. फाटकावरची पाटी वाचल्याशिवाय हूक काढायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

पण पाटीवर परवानगी आहे म्हणजे आपण सुटलो, असं मला वाटायचं. ते किती चूक होतं हे पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. हिरवळीवर कुत्री सोडायला मुभा होती, चिकूला मी सोडलं आणि तो थेट चादर पसरून बसलेल्या एका कुटुंबाकडे धावला. चारेक वर्षांची मुलगी, हातात अर्धं खाल्लेलं सँडविच. चिकू चावला नाही, भुंकलाही नाही. तिच्यापुढे हातभर अंतरावर शेपटी हलवत उभा राहिला. तिने सँडविच टाकलं, आईच्या मानेत तोंड खुपसलं आणि तिची पाठ थरथरताना मला लांबून दिसत होती. मी धावत धावत ओरडत होते, "घाबरू नका, तो काही करत नाही!" मी पोचल्यावर तिचे वडील शांतपणे म्हणाले, "तिला ते कुठे माहीत आहे?" मी माफी मागितली. त्या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

कायदाही त्या वडिलांच्याच बाजूने आहे. १९९१ च्या डेंजरस डॉग्ज ॲक्टप्रमाणे कुत्रा चावायलाच हवा असं नाही. तो आपल्याला इजा करेल अशी रास्त भीती कुणाला वाटली, तरी तो 'धोकादायकरीत्या अनियंत्रित' ठरू शकतो. हे सगळ्या जातींना लागू आहे, गुणी लॅब्रडॉरलाही. प्रत्यक्ष इजा झाली तर मालकाला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं एकच: हाकेला परत येणं तिला तिथेच शिकवा, इथे आल्यावर नव्हे. वेळ तुमच्याकडे आहे. भारतातून कुत्रा आणताना आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं, असा क्रम असतो. म्हणजे चार महिने कुठे गेले नाहीत. ते कागदपत्रांत घालवू नका, तिच्याबरोबर मैदानात घालवा. छातीपट्ट्याला दहा मीटरची दोरी अडकवा, तिला लांब जाऊ द्या आणि एकदाच हाक मारा. आली की लगेच खाऊ द्या आणि पुन्हा सोडा. हाक मारली म्हणजे खेळ संपला असं तिला वाटलं, तर ती कधीच येणार नाही. घरातल्या सगळ्यांनी हाकेचा शब्द एकच ठेवा. आमच्याकडे मी 'ये' आणि मुलगा 'कम' म्हणायचा. चिकू दोघांकडे बघत मधेच उभा राहायचा.

तुम्ही मेमध्ये येताय, म्हणून लंडनमधल्या रिचमंड पार्कबद्दल वेगळं सांगते. तिथे हरणं मोकळी फिरतात. मे ते जुलै त्यांच्या विणीचा काळ, पाडसं उंच गवतात आणि नेच्यांत दडवलेली असतात आणि कुत्रा दिसला की आई अंगावर येते. त्या तीन महिन्यांत तिथे लीड सक्तीचं आहे. एरवीही हरणांपासून किमान ५० मीटर लांब राहा. २०११ मध्ये याच पार्कात फेंटन नावाचा कुत्रा हरणांच्या कळपामागे सुटला आणि त्याच्या मागे हाका मारत धावणाऱ्या मालकाचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला. फेंटनही लॅब्रडॉरच होता.

शहराबाहेर गेलात तर माळरानांवर, म्हणजे लोकांना फिरायला खुल्या ठेवलेल्या जमिनीवर, १ मार्च ते ३१ जुलै लीड लागतंच आणि तेही दोन मीटरपेक्षा लांब नको. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी हा नियम आहे. मेंढ्यांजवळ तर बाराही महिने. मेंढ्यांच्या मागे लागलेल्या कुत्र्याला गोळी घालायची मुभा शेतकऱ्याला काही परिस्थितींत कायद्यानेच आहे. गाईंचं मात्र उलट: त्या अंगावर येऊ लागल्या तर लीड सोडून द्या. त्यांचा रोख कुत्र्यावर असतो. तो पळून सुटतो, तुम्ही सुटत नाही.

छोट्या गोष्टी: गळपट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता कोरलेला बिल्ला हवाच, चिप असली तरी. फोन नंबर सक्तीचा नाही, पण तोच कामी येतो. समोरचा कुत्रा लीडवर असेल तर आपणही आपल्या कुत्र्याला लीड लावायचं, कुणी न सांगता. कुणाच्या लीडला पिवळी रिबन दिसली तर त्या कुत्र्याला जवळीक नको आहे, लांबून वळा.

आणि येताना काय विकत घेऊ, असं विचारलंत. लीड, वाट्या, अंथरूण, सगळं इथे मिळेल. दहा मीटरची दोरी तेवढी आजच आणा आणि उद्या सकाळी तिला घेऊन मैदानात जा.