डोंगराळ ग्रामीण भागात ड्रोनने टेकड्या, तळी, जुन्या वास्तू टिपताना काय सांभाळावं?

सगळ्यात आधी उंचीचं गणित. रिमोटच्या पडद्यावरची उंची ड्रोन उडवला त्या जागेपासून मोजलेली असते, त्याच्या खालच्या जमिनीपासून नव्हे. पडद्यावर 60 मीटर दिसतात आणि समोरची टेकडी 50 मीटर चढलेली असेल, तर खाली उरतात फक्त 10 मीटर, त्यात झाडंही आली. म्हणून ‘रिटर्न टू होम’ची (ड्रोन आपोआप उडवलेल्या जागी परत येतो ती सोय) उंची वाटेतल्या सर्वात उंच अडथळ्यापेक्षा 20-30 मीटर जास्त ठेवा.

विजेच्या बारीक तारा ड्रोनच्या अडथळे ओळखणाऱ्या सेन्सरला बहुधा दिसत नाहीत. आधी खांब शोधा आणि तारा ओलांडायच्या तर खांबाच्या माथ्यावरून ओलांडा, दोन खांबांच्या मधून कधीच नको.

जाताना वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे उतरत्या बॅटरीवर परतताना वारा साथ देतो. 35-40 टक्क्यांवर मागे वळाच.

फोटोसाठी सूर्योदयानंतरचा पहिला तास घ्या. तिरप्या उन्हात कॅमेरा सरळ खाली केला की बांधांच्या सावल्या आणि नांगराचे तास स्पष्ट उठून दिसतात. दुपारी तेच शेत सपाट वाटतं. आणि हो, गुरांवरून कमी उंचीवर उडवू नका, ती बिथरतात. परवानगी व उड्डाणबंदीचे नकाशे निघण्यापूर्वीच तपासा.