अवे गेमला (परक्या मैदानावरच्या सामन्याला) निघालेल्या ट्रम्पेटवालीस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. पर्ड्यू विद्यापीठाच्या मार्चिंग बँडात, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांत चालत वाजवणाऱ्या बँडात, तुला घेतलं याचा आनंद एका वाक्यात आटोपला, मग वीस मिनिटं काळजी. बसने परगावी जाणार, रात्री कधी परतणार, तिथे खायला काय मिळणार? मागून तुझ्या आजीचा आवाज आला, "वरातीत असतो तसला बँड का गं?" आजीला माझ्या वतीने हो म्हणून सांग. पितळी वाद्यं, झुपकेदार टोप्या, चालता चालता वाजवणं, सगळं तेच. घोडा आणि नवरदेव तेवढे नाहीत.

मी इथे अमेरिकेत शिकायला आले तेव्हा तीन सीझन बँडात क्लॅरिनेट वाजवलं. माझं विद्यापीठ वेगळं होतं, पण मिडवेस्टमधल्या बसेस आणि थंडी सगळीकडे सारखीच. तेव्हा कोणी सांगितलं नाही, म्हणून तुला लिहिते आहे.

घरच्या मैदानावर तुम्ही जवळजवळ चारशे जण असता. अवे गेमला दरवेळी सगळा लवाजमा निघत नाही. सात-आठ बसेस, वाद्यांचा ट्रक, जेवणाचे डबे, हा खर्च कोणी करायचा यावर प्रत्येक विद्यापीठात घासाघीस चालते. त्यामुळे कधी पूर्ण बँड जातो, कधी निवडक मुलांचा छोटा पेप बँड. पहिल्याच वर्षी तुझं नाव यादीत आलं आहे, तर तिथे गेल्यावर सर्वांत मोठ्याने वाजवून दाखवायचा मोह होईल. मला झाला होता. पण परक्या मैदानावर खरी परीक्षा न वाजवण्याची असते.

तुमच्याच ढोलाचं बघ. 1921 मध्ये इंडियानापोलिसच्या लीडी कंपनीने बनवलेला, गाड्यावर चढवला की दहा फूट उंच. तुम्ही लोक त्याला जगातला सर्वांत मोठा ढोल म्हणता आणि टेक्साससकट इतर विद्यापीठं त्यावर भांडतात. (या वादात मी पडत नाही.) शंभरी भरली त्याच वर्षी, 2021 च्या सप्टेंबरात, नोत्र दाम विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये हा ढोल नेता आला नाही. पाहुण्यांच्या बोगद्यातून फक्त संघ जाणार, असं यजमानांनी सांगितलं. पर्ड्यूवाले चिडले, बातम्या झाल्या. मला विचारशील तर बोगदा त्यांचा, निर्णय त्यांचा. पाहुण्याने उंबऱ्यावर वाद घालू नये, मग ढोल केवढाही असो.

आता स्टँडमधलं. पाहुण्या बँडला सहसा कोपऱ्यातली, एंड झोनकडची (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याजवळची) जागा मिळते. दुसऱ्या संघाला आपले इशारे ऐकू येणार नाहीत असा आवाज बँडने करायचा नाही, हे कॉलेज फुटबॉलच्या नियमावलीत लिहिलेलं आहे. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की सेंटर, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू करणारा खेळाडू, चेंडूवर वाकला की वाद्य खाली. गाणं कितीही रंगात आलेलं असो, शेवटची दोन आवर्तनं उरलेली असोत, ड्रम मेजरची (बँडला हाताने इशारे देणाऱ्याची) मूठ बंद झाली की संपलं. माझ्या दुसऱ्याच अवे गेमला मी गाण्यात इतकी बुडाले होते की मूठ दिसलीच नाही. सगळा बँड गप्प आणि माझ्या क्लॅरिनेटचा एकटा वरचा सूर बदकासारखा हवेत. शेजारच्या रांगेतले यजमान प्रेक्षक पोट धरून हसले. माझ्या सेक्शन लीडरने (आमच्या वाद्यगटाच्या प्रमुखाने) काही म्हटलं नाही, नुसतं पाहिलं. ते पाहणं अजून आठवतं.

म्हणून सांगते, कानांवर विसंबू नकोस, डोळ्यांवर विसंब. यामागे साधं गणित आहे. मैदान शंभर यार्डांचं, म्हणजे साधारण 91 मीटर. आवाजाला तेवढं अंतर कापायला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. मिनिटाला दीडशे ठोक्यांच्या चालीत एक ठोका 0.4 सेकंदाचा. म्हणजे पलीकडच्या टोकाचा ड्रम ऐकून तू पाऊल टाकलंस तर अर्ध्या ठोक्याहून जास्त मागे पडलीस. वर परक्या स्टेडियमचा प्रतिध्वनी वेगळा, सरावात बसलेला अंदाज तिथे चालत नाही. ड्रम मेजरचे हात बघ. पाऊल मात्र तेच राहतं, पाच यार्डांत आठ, म्हणजे साडेबावीस इंचांचं एक. रेषा सगळीकडे सारख्याच आखलेल्या असतात, तेवढाच काय तो आधार.

घाईचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार पाहुण्या बँडकडूनच घडला आहे. 20 नोव्हेंबर 1982, कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कलीचं मैदान, पाहुणे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे. स्टॅनफर्ड 20–19 ने पुढे, घड्याळात चार सेकंद. किकऑफ झाला, कॅलिफोर्नियाच्या खेळाडूंनी धावता धावता एकमेकांकडे पाच वेळा चेंडू टाकला, आणि सामना संपला असं समजून स्टॅनफर्डचा बँड मैदानात उतरला. शेवटचा खेळाडू, केव्हिन मोएन, त्या गर्दीतून वाट काढत एंड झोनमध्ये शिरला आणि एका ट्रॉम्बोनवाल्याला आडवा करून गेला. निकाल 25–20. चाळीस वर्षं उलटली तरी लोकांना तो बँड आठवतो, त्या दिवशी त्याने काय वाजवलं ते कुणाला आठवत नाही. शिट्टी होऊन पंचांनी हात वर केल्याशिवाय तू रेषेच्या आत पाऊल टाकायचं नाहीस. समोरचे हजार लोक धावत सुटले तरी.

थंडीबद्दल. नोव्हेंबरात ट्रम्पेटचे व्हॉल्व्ह आखडतात आणि सूर उतरतो, कारण नळीतली हवा गार झाली की आवाजाचा वेग कमी होतो. माउथपीस कोटाच्या आतल्या खिशात ठेव, वाजवायच्या आधी मिनिटभर हॉर्नमध्ये नुसती फुंकर घाल. युनिफॉर्मच्या आत थर्मल हवंच. मोज्यांचा जादा जोड घे, पुन्हा सांगते, मोज्यांचा जादा जोड घे.

खाण्याचं आईला सांग, काळजी नको. बसमध्ये मिळणाऱ्या डब्यात बहुतेक वेळा टर्की सँडविच असतं, तेव्हा शाकाहारी हवं हे आठवडाभर आधी लेखी कळव. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यायला हरकत नाही. चिवड्याचं पाकीट मात्र विचार करून उघड, कारण छप्पन सीटच्या बसमध्ये तुझ्या वाट्याला मूठभर उरेल. दिवाळी सीझनच्या ऐन मध्यात येते. माझी एक पहिली अंघोळ हायवेवरच्या गॅस स्टेशनच्या बेसिनमध्ये झाली आहे, उटणं नव्हतं एवढंच.

आता जरा गंभीर. सामना संपल्यावर स्टेडियमपासून बसपर्यंतचं चालणं सर्वांत अवघड असतं. सप्टेंबर 2019 मध्ये एम्स गावी, आयोवा स्टेट विद्यापीठाच्या मैदानावर, पाहुण्या आयोवा विद्यापीठाचा संघ एका गुणाने जिंकला, आणि बाहेर पडताना आपल्याला धक्काबुक्की, शिवीगाळ झाल्याच्या तक्रारी आयोवाच्या बँडमधल्या मुलांनी केल्या. असं रोज घडत नाही, पण घडतं. रांग सोडायची नाही, एकटीने बाथरूमला जायचं नाही, कुणी काही ओरडलं तर उत्तर नाही, हसणंही नाही. जिंकला असाल तर वाजवत निघायचं की मुकाट, हे डायरेक्टर ठरवेल. काही वावगं घडलंच तर गप्प बसू नकोस, त्याच रात्री सेक्शन लीडरला सांग. त्या बाबतीत मात्र वाट बघायची नाही.

आणि समोरचा बँड तुझा शत्रू नाही. त्यांची पाळी असताना टोपी काढून ऐक, हाफटाइमच्या वीस मिनिटांत दोघांनाही जागा करून घ्यायची असते. कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठांच्या सामन्यांत खेळ संपल्यावर दोन्ही बँड आळीपाळीने एकमेकांना उत्तर देत वाजवतात, त्याला पाचवा क्वार्टर म्हणतात (सामन्याचे क्वार्टर, म्हणजे भाग, चारच असतात). संधी मिळाली तर नक्की बघ, सवाल-जवाबाची आठवण येईल. 2024 मध्ये येल विद्यापीठाचा बँड एका बास्केटबॉल सामन्याला पोचू शकत नव्हता, तेव्हा आयडाहोच्या बँडने येलचे शर्ट घालून, त्यांचं गाणं शिकून ते वाजवलं. दुसऱ्याचं गाणं मनापासून वाजवणारी ही मुलं मला फार आवडली.

परतीच्या बसमध्ये हरलेल्या रात्री कोणी बोलत नाही. तू बोलायला सुरुवात करू नकोस, झोप. गृहपाठ जाताना उरक, येताना होत नाही. खोलीवर पोचायला पहाटेचे तीन वाजतील. कितीही दमलीस तरी युनिफॉर्म बॅगेतून काढून हँगरला लाव, नाहीतर ओल्या लोकरीचा वास सोमवारच्या सरावापर्यंत जात नाही. मग आईला मेसेज कर. मलाही केलास तरी चालेल, शनिवारी मी उशिरापर्यंत जागी असते.

तुझी मावशी