‘मदत करता का?’ असं विचारू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: समाजशास्त्राचं पहिलं वर्ष. दर्जा, भूमिका, सामाजिक तथ्य यांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत, पण ‘यात नवीन काय, हे तर सगळ्यांना माहीतच असतं’ असं वाटत राहतं. शिवाय ‘मोबाईलमुळे कुटुंबातला संवाद कमी झाला आहे का’ या विषयावर प्रकल्प करायचाय, त्यासाठी शंभर जणांना ऑनलाइन फॉर्म पाठवायचा विचार आहे. शंभर पुरेत का?

शंभरचं शेवटी बघू. आधी माझी एक फजिती सांगते.

विद्यार्थी असताना माझ्या पहिल्या सर्वेक्षणाचा विषय होता घरकामाची वाटणी. प्रश्नावलीत मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, ‘तुम्ही घरकामात मदत करता का? हो / नाही / कधी कधी.’ पुरुषांनी पटापट ‘हो’वर खुणा केल्या. मी खूश. मग एका बाईंनी प्रश्न वाचला, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “मदत? कुणाला?”

त्या एका शब्दात काम कुणाचं हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. ज्याचं ते काम नाही तो मदत करतो. जिचं आहे तिला हा प्रश्न लागूच होत नाही. पुढच्या खेपेला प्रश्न बदलला, ‘काल रात्रीची भांडी कुणी घासली?’ आणि त्याच घरांतून वेगळीच उत्तरं आली. नवरा-बायकोची उत्तरं एकमेकांशी जुळेनात ते वेगळंच.

आता ‘भूमिका’ची व्याख्या पुन्हा काढा. राल्फ लिंटन यांनी १९३६ मध्ये केलेली मांडणी ढोबळपणे अशी: दर्जा म्हणजे एखाद्या स्थानाला चिकटलेले हक्क आणि कर्तव्यं, आणि ती प्रत्यक्ष वागण्यात उतरवणं म्हणजे भूमिका. परीक्षेत एवढ्यावर गुण मिळतात. पण ही व्याख्या मला आधी कळली असती, नुसती पाठ नसती, तर ‘मदत’ हा शब्द माझ्या प्रश्नावलीत आलाच नसता. कोणाकडून कशाची अपेक्षा आहे हे तर मला शोधायचं होतं, आणि मी ते प्रश्नातच लिहून मोकळी झाले होते. संकल्पनेचा उपयोग इथे होतो. कुठे बघायचं आणि काय गृहीत धरायचं नाही, हे ती सांगते. (भूमिका-संघर्ष आणि भूमिका-ताण यांची गल्लत करू नका: दोन वेगळ्या दर्जांच्या अपेक्षा एकमेकींना छेद देतात तो संघर्ष, एकाच दर्जाच्या अपेक्षा आपसात जुळत नाहीत तो ताण. पेपरात हमखास विचारतात.)

‘हे तर माहीतच असतं’ या तक्रारीवर पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९४९ मध्ये झकास उतारा दिला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या एका मोठ्या अभ्यासावर लिहिताना त्यांनी आधी काही निष्कर्ष दिले. जास्त शिकलेल्या सैनिकांना मानसिक त्रास जास्त झाला, खेड्यातून आलेले सैनिक शहरातल्यांपेक्षा जास्त उत्साही होते, असे. प्रत्येकाला शोभेलसं कारणही सोबत जोडलं. वाचणारा मान डोलावतो, यात काय विशेष म्हणतो. मग ते सांगतात की प्रत्यक्षात आढळलं ते या प्रत्येक विधानाच्या नेमकं उलट. उलट निष्कर्ष आधी दिले असते तर तेही ‘उघडच’ वाटले असते. तुमच्या विषयाचंही असंच आहे. मोबाईलमुळे संवाद कमी झाला, हे पटतं. लांब राहणाऱ्या लेकीशी आई आता रोज बोलते, म्हणून वाढला, हेही तितकंच पटतं. पटणं हा पुरावा नव्हे.

सामाजिक तथ्याबद्दल थोडक्यात. एमिल दुरखीम यांच्या मते विचार करण्याच्या, वागण्याच्या ज्या पद्धती व्यक्तीच्या बाहेर असतात आणि तिच्यावर दबाव आणतात, त्या सामाजिक तथ्य. दबाव एरवी जाणवत नाही, मोडायला गेलात की जाणवतो. १८९७ च्या आत्महत्येवरच्या अभ्यासात त्यांनी हेच दाखवलं. माणसं दर वर्षी वेगळी, पण एकेका समाजातलं आत्महत्यांचं प्रमाण बरंचसं स्थिर. म्हणजे कारण एकट्या माणसाच्या मनात शोधून भागणार नाही.

पण याच अभ्यासाची एक दुखरी जागा तुमच्या कामाची आहे. दुरखीम यांनी प्रॉटेस्टंट जास्त असलेल्या आणि कॅथलिक जास्त असलेल्या प्रांतांची तुलना केली आणि त्यावरून प्रॉटेस्टंट-कॅथलिक माणसांबद्दल निष्कर्ष काढले. १९५० मध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी गटावरून थेट माणसावर मारलेल्या अशा उडीतला धोका आकड्यांनी दाखवला. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी दिसत होती. एकेक माणूस धरून पाहिलं तर उलट: परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता थोडी जास्तच होती. ते लोक साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच. तुमच्या शीर्षकात ‘कुटुंब’ आहे आणि फॉर्म भरणार एक माणूस. मग अभ्यासाचं एकक कोणतं, म्हणजे माहिती माणसाची गोळा करताय की घराची? हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. मुलगा म्हणेल आम्ही खूप बोलतो, आई म्हणेल हा तोंडच उघडत नाही; त्या घराच्या रकान्यात काय लिहाल?

आता सर्वेक्षण की मुलाखत. हा वाद पद्धतींचा कमी आणि प्रश्नाचा जास्त आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एका तरुण चिनी जोडप्याबरोबर अमेरिकेत मोटारीने फिरले. तेव्हा तिथे चिनी लोकांविरुद्ध उघड पूर्वग्रह होता. तिघं २५१ हॉटेलांत आणि खाण्याच्या ठिकाणी गेले. नकार मिळाला तो फक्त एका ठिकाणी. सहा महिन्यांनी लापिएर यांनी त्याच ठिकाणांना पत्रानं विचारलं, तुम्ही चिनी पाहुणे घ्याल का? उत्तरं आली १२८ ठिकाणांहून, आणि त्यांतल्या ९० टक्क्यांहून जास्त ठिकाणांनी ‘नाही’ कळवलं. नुसती प्रश्नावली पाठवून थांबले असते तर निष्कर्ष काय निघाला असता, तुम्हीच बघा.

लोक खोटं बोलतात असा याचा अर्थ शिक्षकही कधी कधी लावतात. मला तो घाईचा वाटतो. पत्राला उत्तर लिहिणारा आणि दारात उभा असलेला माणूस एकच होता कशावरून? शिवाय जोडप्यासोबत एक गोरा प्राध्यापक, म्हणजे स्वतः लापिएर, होता. कागदावरचा प्रश्न एका अनोळखी गटाबद्दल होता, दारात मात्र नीटनेटकी, हसरी, सामान घेऊन आलेली दोन माणसं होती. तेव्हा बोलणं आणि वागणं ही दोन वेगळी मापं आहेत असं म्हणा. मत हवं असेल तर मत विचारा. वागणूक हवी असेल तर वागणूक बघा, निदान कालच्या दिवसाची विचारा.

वागणूक बघणं म्हणजे काय, याचा माझा आवडता नमुना १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेला मारीएन्टालचा अभ्यास. ऑस्ट्रियातल्या या गावातली गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, लाझार्सफेल्ड (वरचेच ते) आणि हान्स झायझेल यांच्या चमूनं मुलाखती घेतल्याच, पण घरोघरचं जेवण नोंदवलं, मुलांचे निबंध वाचले, वाचनालयाच्या नोंदी तपासल्या. वेळ भरपूर, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. आणि एक जण खिडकीआड घड्याळ घेऊन बसला: रस्त्यानं कोण किती वेगानं चालतं, किती वेळा थांबतं. पुरुष रेंगाळत होते, बायका लगबगीनं जात होत्या. बायकांची घरची कामं संपलेली नव्हती. बेकारीनं वेळेचं काय होतं, हे ‘तुम्हाला कसं वाटतं’ विचारून इतकं स्पष्ट कळलं नसतं.

तेव्हा ‘संवाद’ची कार्यकारी व्याख्या करा, म्हणजे प्रत्यक्ष बघता-मोजता येईल अशी. मी असते तर एवढंच घेतलं असतं: काल संध्याकाळपासून झोपेपर्यंत घरातले किती जण किती वेळ एका खोलीत होते, कोण कोणाशी कशाबद्दल बोललं, फोन तेव्हा कुठे होता. आणि ‘मोबाईलमुळे’ हा शब्द शीर्षकातून काढा. एकाच वेळी केलेल्या पाहणीत फार तर सहसंबंध दिसेल, म्हणजे दोन गोष्टी सोबत आढळतात एवढंच; कशामुळे काय झालं ते नाही. ज्या घरात बोलणं आधीच आटलंय तिथे लोक फोनकडे वळले असतील, हे तुम्ही कसं नाकारणार?

उरला शंभरचा आकडा. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं लोकांचा कल जाणून घ्यायला सुमारे १ कोटी नमुना मतपत्रिका टपालानं पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि अंदाज निघाला की रूझवेल्ट यांच्या विरोधात उभे असलेले लँडन जिंकणार. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते बरेचसे टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांमधले होते, म्हणजे मंदीत बऱ्या स्थितीतल्या लोकांचे. त्यातही उत्तर पाठवणारे आपणहून पुढे आलेले. तुमचा फॉर्म कुणाकडे जाणार? तुमच्या मित्रांकडे, त्यांच्या मित्रांकडे. सगळे तुमच्याच वयाचे, सगळे मोबाईलवर. जे मोबाईल वापरतच नाहीत ते या विषयात हवेतच, आणि नेमके तेच गळणार.

शंभर फॉर्मऐवजी वीस-पंचवीस घरं घ्या, प्रत्येक घरातून वेगवेगळ्या पिढ्यांतले दोघं, दोघांना वेगवेगळं विचारा. त्यावरून सगळ्या समाजाबद्दल बोलता येणार नाही, तसं अहवालात स्वच्छ लिहा. प्रश्न कागदावर न्या, पण भरा तुम्ही. याला अनुसूची म्हणतात, उत्तर देणाऱ्यानं स्वतः भरली तर ती प्रश्नावली. ज्येष्ठांसाठी अनुसूचीच बरी. आधी चार-पाच घरांत कच्ची चाचणी करून बघा, निम्मे प्रश्न तिथेच बदलतील.

आणि एका घरातल्या दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर एकाचं उत्तर दुसऱ्याला चुकूनही सांगू नका, गमतीतही नाही. तुम्ही अहवाल देऊन मोकळे व्हाल, त्यांना त्याच घरात राहायचंय.