द्राक्षबागेतलं दुखणं आणि आणखी दोन पत्रं

ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की तासगाव-कवठेमहांकाळकडून पत्रं वाढतात. त्यातलं एक, कुपवाडचं एक आणि मिरज तालुक्यातलं एक अशी तीन इथे घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही. मी डॉक्टर नाही. सांगली जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आरोग्य सहायिका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली बाई आहे, हे ध्यानात ठेवूनच उत्तरं वाचा.

प्रश्न : बाई, माझं वय 34. दोन मुलं आहेत, मुलं बंद व्हायचं ऑपरेशन झालंय. टोळीबरोबर द्राक्षबागेत कामाला जाते. बरेच दिवस अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरते, पाळीला फार जातं. खासगी दवाखान्यात सोनोग्राफी केली. गर्भपिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल म्हणाले. जावेनं मागंच काढली, ती म्हणते कटकट मिटली. घरचे म्हणतात छाटणीच्या आधी उरकून घे. काय करू?

उत्तर : उरकून घेऊ नकोस. तुझी सोनोग्राफी मी पाहिलेली नाही, पण ऑपरेशनचा मुहूर्त बागेच्या हंगामावरून ठरतोय, एवढं पत्रावरून कळलं. तो तुझ्या तब्येतीवरून ठरायला हवा.

पांढरं जाणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गामुळे असतं आणि गोळ्यांनी थांबतं. काही प्रकारांत नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात. तो नको म्हणाला तर दवाखान्यात त्याला बरोबर घेऊन जा, डॉक्टरांनाच सांगू दे. सूज म्हणजे कॅन्सर नव्हे. भीती असेल तर तपासणी करून घ्यायची. तिशी ओलांडलेल्या बायांच्या गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. औषधाचा बोळा लावून बघतात, काही मिनिटांत कळतं. पाळीला जास्त जातं त्यासाठी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड बघ. बऱ्याच जणींना गोळ्यांनी किंवा हार्मोनच्या तांबीनं फरक पडतो. तुझे सगळे कागद घेऊन सांगली सिव्हिलला किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात स्त्रीरोग विभागात दुसरं मत घे.

पिशवी कधीच काढू नये असं मी म्हणत नाही. मोठ्या गाठी असतील, औषधाला न जुमानणारा रक्तस्राव असेल, अंग बाहेर येत असेल किंवा कॅन्सरच निघाला, तर काढावी लागते. पण चौतिसाव्या वर्षी काढताना बरोबर अंडाशयही गेले, तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम अंगावर येतात आणि पुढे हाडं ठिसूळ होतात. अंडाशय ठेवले तरी ते वेळेआधी थकण्याची शक्यता राहते. ‘अंडाशय ठेवणार का?’ हे आधी विचारायचं आणि उत्तर केसपेपरवर लिहून घ्यायचं. आणि कंबर? ती पिशवी काढून थांबेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. जावेची कटकट मिटली म्हणतेस, पण तिचं वय काय, अंडाशय ठेवले का, आता कॅल्शियम घेते का, हे तिला विचारून बघ.

आता जे कोणी तुला विचारलं नसेल, ते मी विचारते. दिवसभर काय करतेस? मांडवाखाली मान मागे टाकून, हात वर धरून घडांची विरळणी. मग मणी फुगवणाऱ्या जीए या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवायचे, बाह्या ओल्या त्या ओल्याच. तोडणीला भरलेले क्रेट उचलायचे. बागेत जायला आडोसा नाही म्हणून सकाळपासून पाणी टाळायचं, लघवी दाबून धरायची. पाळीत बदलायला जागा नाही म्हणून एकच कापड संध्याकाळपर्यंत. कंबरदुखी आणि वारंवार होणारा संसर्ग यांची निम्मी कारणं इथेच सापडतात. केसपेपरवर ‘व्यवसाय’ असा रकाना असतो. दिवसभर बागेत राबून आलेल्या बाईच्या नावापुढे तिथे ‘गृहिणी’ लिहिलेलं मी कितीदा वाचलंय. दुखण्याचं मूळ असं पहिल्याच पानावर पुसलं जातं. पुढच्या वेळी ‘शेतमजूर, द्राक्षबाग’ असं लिहायला लाव, आणि काय काम करतेस ते सांग.

हे फक्त बागेचं नाही. वाळव्याच्या पट्ट्यात गळीत हंगामाला ऊसतोडीसाठी बीडकडच्या टोळ्या येतात, नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई एक दिवस पडली तर खाडा कापला जातो, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची राहते. 2019 मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांच्या पाहणीत 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहाजणींत एक. त्यावर लोक ‘मुकादम वाईट’ किंवा ‘डॉक्टर लोभी’ म्हणून मोकळे झाले. दोन्ही थोडंथोडं खरंही असेल. पण फडात संडास, पाणी आणि आजारपणाची भरपगारी सुट्टी असती, तर त्यातल्या किती बाया ऑपरेशनच्या टेबलावर गेल्या असत्या? अनावश्यक पिशव्या काढणं थांबावं म्हणून केंद्राने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये त्या लागू करा असं राज्यांना बजावलं. म्हणजे दुसरं मत मागताना ‘डॉक्टर रागावतील’ असा संकोच ठेवायचं कारण नाही.

प्रश्न : कुपवाडला एका कारखान्यात पॅकिंगला आहे, ठेकेदाराकडून. वर्ष होत आलं. पाचवा महिना लागलाय. ठेकेदार म्हणतो, कंत्राटी बाईला बाळंतपणाची रजा नसते, आठव्या महिन्यात थांब, नंतर बघू. पगारातून काहीतरी कापतात, चिठ्ठी देत नाहीत.

उत्तर : ठेकेदार चुकीचं सांगतोय. आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येतात. 1961 च्या कायद्यात 2017 ला दुरुस्ती झाली तेव्हाचा हा आकडा, 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तोच आहे. कंत्राटी बाईलाही तो लागू आहे. गरोदर म्हणून कामावरून काढलं तरी हा हक्क बुडत नाही.

आधी काय कापतात ते शोध. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, असेल तर तुझ्या पगाराचा 0.75 टक्का जात असणार, आणि मग रजेचे पैसे ठेकेदाराच्या खिशातून नव्हे, विमा महामंडळाकडून येतात. त्याला हे सांगितलंस की त्याचा निम्मा विरोध गळेल. विमा क्रमांक मागून घे. रजेचा अर्ज लेखी दे, पोच घे. पोच देत नसेल तर रजिस्टर पोस्टानं पाठव. नाहीच ऐकलं तर सांगलीच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार दे. ती आठव्या महिन्याची वाट न बघता आत्ताच दे.

जाता जाता एक. वरच्या पत्रातल्या बाईला या 26 आठवड्यांतला एक दिवसही मिळाला नसता. टोळीतल्या मजुरीला ना ईएसआय ना रजा. तिच्या वाट्याला येते ती मातृवंदना योजना : पहिल्या बाळंतपणाला 5,000 रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर 6,000. बाळंतपण तेवढंच, अंगही तेवढंच झिजतं.

प्रश्न : मी मिरज तालुक्यातला बागायतदार. तुमच्या सदरात आम्हीच नेहमी आरोपी. बायांचं काम हलकं म्हणून रोज साडेतीनशे, गडी फवारणी करतो, ट्रॅक्टर चालवतो म्हणून सहाशे. यात अन्याय कसला? आणि समान हक्क पाहिजेत तर पाळीची रजा कशाला?

उत्तर : पत्र मोकळेपणानं लिहिलंत, बरं वाटलं. ट्रॅक्टर हे वेगळं काम, मान्य. 1976 चा समान वेतनाचा कायदाही ‘सारखंच किंवा सारख्या स्वरूपाचं काम’ असंच म्हणायचा, त्याच्या जागी आलेली वेतन संहिताही तेच म्हणते. पण मला सांगा, विरळणीला उद्या एक गडी लावलात तर त्याला साडेतीनशेच द्याल? तो घेईल? मण्याची फुगवण आणि मालाचा भाव त्याच विरळणीवर ठरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. दिवसभर हात डोक्याच्या वर ठेवून बघा एकदा, काम हलकं आहे का ते कळेल. आणि ती बाई घरी जाऊन कामाची दुसरी पाळी सुरू करते. केंद्र सरकारच्या 2024 च्या पाहणीत घरकामाला बायांची रोज सरासरी 289 मिनिटं निघाली, घरात हात लावणाऱ्या पुरुषांची 88.

पाळीच्या रजेवर बायांच्या चळवळीतही एकमत नाही. बिहारने सरकारी नोकरीत 1992 पासून महिन्याला दोन दिवस दिले. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये हे सरकारनं ठरवावं म्हटलं, आणि सक्ती केली तर बायांना कामावरच घेणार नाहीत अशी शंकाही बोलून दाखवली. ती शंका मला पटते, पण तेवढ्यावर मागणी सोडावी असं वाटत नाही. प्रश्न आहे तो तुमच्याकडच्या बायांचा. रोजंदारीवर रजा म्हणजे रोज बुडणं, ती कोण मागेल? त्यांच्यासाठी बांधावर पत्र्याचा का होईना संडास करा, आत पाण्याची बादली ठेवा. औषध मारलं त्या दिवशी त्या बागेत बायांना घालू नका, औषधाच्या डब्यावर किती थांबायचं ते लिहिलेलं असतं. छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावताना उघड्या हातानं किंवा फडक्यानं लावून घेता का? ते रसायन कातडी भाजतं. रबरी हातमोजे द्या, गरोदर बाईला त्या कामावर ठेवू नका. आणि मोजे आणताना दुकानात लहान माप मागा. मोठे मोजे बायांच्या हातातून निसटतात, मग त्या ते काढून ठेवतात आणि तुम्ही म्हणता, दिले तरी घालत नाहीत.