नळाच्या पाण्यातील अमोनिया

प्रश्न : आम्ही सॅन फ्रान्सिस्कोत राहतो. नळाचे पाणी रात्रभर बादलीत ठेवूनच माशांच्या टाकीत घालतो, तरीही चाचणीत अमोनिया दिसतो. असे का?

उत्तर : आपल्या शहराच्या पाण्यात २००४ पासून क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन व अमोनिया यांचे संयुग, असते आणि ते रात्रभरात उडून जात नाही. नुसत्या सोडियम थायोसल्फेटने, म्हणजे क्लोरीन घालवण्याच्या नेहमीच्या रसायनाने, त्यातील क्लोरीनचा बंदोबस्त होतो, परंतु अमोनिया मोकळा होऊन पाण्यातच उरतो; म्हणून अमोनियालाही निष्प्रभ करणारे द्रावण नव्या पाण्यात आधीच मिसळावे. पाण्याचा सामू (पीएच) जास्त असेल, तर ही काळजी अधिकच घ्यावी. निष्प्रभ झालेला अमोनियाही काही चाचण्यांत दिसतो, तेव्हा घाबरून पुन्हा पाणी बदलू नये. जुन्या, स्थिरावलेल्या फिल्टरमधील जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात.